पुढच्या हंगामाची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री

नाट्यगृहाच्या पुढच्या दाराशी तिकिटासाठी चार माणसं उभी असत, आणि मागच्या दाराशी घंटाबुवांसाठी लागलेली रांग जिना उतरून रस्त्यावर आलेली असे. या हंगामाचे नाट्यपुरस्कार नुकतेच वाटून झाले होते. विजेत्यांच्या घरचे गुच्छसुद्धा अजून सुकले नव्हते, आणि रांगेतल्या लोकांना पुढच्या हंगामाचे निकाल हवे होते. ज्या नाटकांचे लेखक अजून पहिल्या प्रवेशात अडकलेले होते, त्यांतला सर्वोत्कृष्ट अभिनयसुद्धा बुवांना आजच दिसत होता.

बुवा पूर्वी याच नाट्यगृहात घंटा वाजवायचे. पुढे विजेची घंटा आली. तेव्हा आपली पितळी घंटा काखोटीला मारून ते घरी गेले आणि काही वर्षांनी परत आले ते बुवा होऊन. तालमीच्या खोलीत त्यांनी बैठक मांडली. सुरुवातीला कुणी फारसं फिरकलं नाही. पण यंदाच्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याने पुरस्काराची बाहुली हातात घेऊन सांगितलं, "बुवांनी वर्षापूर्वीच माझ्या कानात हे सांगितलं होतं." त्याच्यामागून अभिनेत्रीनेही तेच सांगितलं. वेशभूषाकाराने तर बुवांचं नाव आईच्याही आधी घेतलं. दुसऱ्या दिवसापासून रांग लागली.

रांगेच्या शेपटाशी, रस्त्यावर, एक शिक्षिका हातातल्या घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. घरीदारी सगळे त्यांना बाईच म्हणत. सख्खी वहिनीसुद्धा, पण ती चिडवायला. वहिनी नाटकात काम करायची. सध्याच्या नाटकात ती तुरुंगाची अधिकारी होती आणि दुसरा अंक जवळजवळ पूर्ण ओरडण्यात जायचा. तिचा आवाज बसला होता, आणि बाईंनी तिला ओढूनताणून घशाच्या डॉक्टरांकडे न्यायला काढलं होतं. वाटेत वहिनी म्हणाली होती, "दोन मिनिटं थांब, वर जाऊन येते."

वहिनी खाली आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," वहिनी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "सांगायचं नाही."

डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि पडद्यावर चित्र दाखवलं. स्वरतंतूंवर गाठ होती. डॉक्टर म्हणाले, "आधी काही आठवडे पूर्ण मौन. गाठ बसली तर ठीक, नाहीतर छोटी शस्त्रक्रिया. पण असेच प्रयोग करत राहिलात, तर पुढे काय उरेल ते मी सांगू शकत नाही."

"मला एकही प्रयोग चुकवता येणार नाही," वहिनी म्हणाली.

"का?" डॉक्टरांनी विचारलं. वहिनी पर्स उचलून उठली.

घरी आल्यावर बाईंनी दादाला गाठलं. दादाचं औषधांचं दुकान होतं. त्याला नेहमी दोन्ही बाजूंचं पटायचं. दिवसभर औषधं द्यायचा आणि कुणी अंगारा लावून आलं तर 'तोही असू द्या' म्हणायचा. थोडे आढेवेढे घेऊन त्याने सांगून टाकलं. बुवांनी वहिनीला पुढच्या हंगामाची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं होतं. पथ्य एकच, तोवर एकही प्रयोग चुकवायचा नाही. आणि हे ओठांबाहेर काढायचं नाही, काढलं की फळ गेलं.

"मग तुला कसं कळलं?"

"तिनंच सांगितलं. मला सांगणं म्हणजे काही कुणाला सांगणं नव्हे, असं म्हणाली."

"दादा, तिचा आवाज जाईल."

"मी तिला गुळण्यांचं औषध दिलंय," दादा म्हणाला. "मी म्हटलं तिला. ती म्हणते, इतकी वर्षं घासली, आता हातातोंडाशी आलंय. मी काय बोलणार?"

वहिनीने खरंच आयुष्य घासलं होतं. तिच्या बरोबरीच्या दोघी बाहुल्या घेऊन गेल्या आणि वहिनी दर वर्षी टाळ्या वाजवून, हसतमुखाने घरी येऊन भांडी घासायला घ्यायची. बाईंना ते माहीत होतं. म्हणून त्या वहिनीवर रागावल्या नाहीत. त्यांना राग आला तो वरच्या मजल्यावरच्या घंटेचा.

दोन दिवसांनी बाई दुकानात बसल्या होत्या, तेव्हा एक दांडगे नट डोकेदुखीची गोळी घ्यायला आले. शीघ्रकोपी म्हणून त्यांची ख्याती होती. एकदा त्यांनी चालू प्रयोगात थांबून खोकणाऱ्या प्रेक्षकाला बाहेर काढलं होतं. बोलता बोलता विषय बुवांवर आला.

"बुवांचा शब्द खोटा होत नाही," नट म्हणाले. "यंदाचा पुरस्कार मलाच मिळायचा होता. सर्वोत्कृष्ट अभिनेता. पण माझं पथ्य मोडलं."

"काय होतं पथ्य?"

"वर्षभर कुणावर रागवायचं नाही. आठवडाभर पाळलं हो. मग एक टॅक्सीवाला भेटला." त्यांनी मान हलवली. "बुवांची काही चूक नाही. मीच करंटा."

नट गेले तरी बाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. यंदाचा पुरस्कार दुसऱ्याला मिळाला होता, आणि तो दुसरा व्यासपीठावरून म्हणाला होता की बुवांनी मला सांगितलं होतं. एकाच बाहुलीचं वचन दोघांना. शिवाय जगातली इतकी पथ्यं सोडून तापट माणसाला न रागावण्याचं, आणि घसा बसलेल्या नटीला प्रयोग न चुकवण्याचं.

शंका आली की प्रयोग करून बघायचा, असं बाई मुलांना शिकवत. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर चहाचा थर्मास घेऊन त्या रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येक पायरीवर एक घोट घेतला. त्यांना खरं तर चहा सोसत नसे. दारात बुवांचे मेहुणे पाकिटं गोळा करत होते. पाकीट स्वेच्छेचं होतं. स्वेच्छा किती असावी, ते मेहुणे हळूच सांगत.

आत बुवा डोळे अर्धवट मिटून बसले होते. बाई त्यांच्यासमोर बसल्या आणि थर्मासाच्या झाकणात उरलासुरला चहा ओतून घेतला.

"काय करतेस, मुली?" बाईंपेक्षा बुवा फार तर चार वर्षांनी मोठे असतील.

"नाटकात काम करते," बाई म्हणाल्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या एकदा पडद्यामागे उभ्या राहिल्या होत्या, एवढाच त्यांचा रंगभूमीशी संबंध.

"पहिली घंटा भूतकाळाची," बुवांनी घंटा वाजवली. "दुसरी वर्तमानाची. तिसरी झाली की पडदा वर जातो, आणि मला पुढचा हंगाम लख्ख दिसतो." तिसऱ्या घंटेनंतर ते थोडे थरथरले, पुढे झुकले आणि बाईंच्या कानात म्हणाले, "सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. तूच. पण ओठांबाहेर काढू नकोस. आणि पथ्य सांगतो. तोवर चहाचा थेंब घ्यायचा नाही."

बाईंनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि घरी आल्या.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मग फुसफुसत्या आवाजात म्हणाली, "तू थट्टा करायला गेलीस. त्यांनीही तुझी थट्टा केली असेल. त्यांना कळतं सगळं."

"वहिनी, तुला माझं खोटं वाटतं का?"

"खोटं नाही वाटत. पण तुला सांगितलं ते खोटं, म्हणून मला सांगितलं ते खोटं, असं कसं?"

तर्कात चूक नव्हती, हे बाईंना मान्य करावं लागलं. एक उदाहरण पुरेसं नव्हतं. पण बाकीचे तोंड उघडणार नव्हते. त्यांची तोंडं बंद राहतील, याची व्यवस्था बुवांनी आधीच केली होती.

सोमवारी नाटकं नसत, म्हणून त्या दुपारी बुवांचं जाहीर प्रवचन असे. नट, नट्या, नेपथ्यवाले, प्रकाशवाले, सगळे तालमीच्या खोलीत खुर्च्यांवर दाटीवाटीने बसले होते. वहिनी पहिल्या रांगेत होती. तिच्या शेजारी तिच्याच नाटकातली राखीव नटी बसली होती. वहिनीची भूमिका पाठ करून, वहिनी कधी आजारी पडते याची वाट बघणं, हे तिचं काम. दादाही आला होता, भिंतीला टेकून.

प्रवचन संपलं तेव्हा बाई उभ्या राहिल्या.

"बुवा, एक शंका आहे. ओठांबाहेर काढलं की फळ जातं. पण नुसता हात वर केला तर?"

बुवांनी भोवतालच्या गर्दीकडे पाहिलं. इतक्या लोकांसमोर अडखळून चालणार नव्हतं. "ओठ मिटलेले असतील तर पथ्य शाबूत," ते म्हणाले. "शब्दानं बाधा होते. हातानं होत नाही."

"मग सगळ्यांनी डोळे मिटा," बाई म्हणाल्या.

त्यांचा वर्गातला आवाज होता तो. साठ साठ मुलांना गप्प बसवून घडलेला. खोलीतल्या सगळ्यांनी डोळे मिटले. एका नाट्यनिर्मात्याने तर हाताची घडीही घातली.

"बुवांनी ज्यांना पुढच्या हंगामाची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री सांगितलं आहे, त्यांनी एक शब्द न बोलता हात वर करा."

कपड्यांची सळसळ झाली.

"आता हात तसेच ठेवा, आणि डोळे उघडा."

खोलीभर हात वर होते. पहिल्या रांगेत वहिनीचा हात होता. तिच्या शेजारी राखीव नटीचा. मागे बालनाट्यात आजीचं काम करणाऱ्या वयस्क बाईंचा, त्यांच्या सुनेचा, आणि ज्या अजून अभिनयाच्या वर्गात पहिल्या वर्षाला होत्या त्या मुलींचा. हात खाली घ्यायचं कुणालाच सुचत नव्हतं. जो तो आपला हात सोडून बाकीचे मोजत होता.

"डोळे उघडलेत," बुवा जड आवाजात म्हणाले. "दृष्टी पडली. आता फळ गेलं."

"सगळ्यांचं एकदम गेलं?" बाईंनी विचारलं. "म्हणजे पुढच्या वर्षी हा पुरस्कार कुणालाच मिळणार नाही?"

बुवांनी घंटा पुसायला घेतली.

वहिनी शेजारी वळली. "तुला काय पथ्य सांगितलं होतं गं?"

राखीव नटीचा चेहरा लाल झाला. "कुणाचं वाईट चिंतायचं नाही, असं," ती हळूच म्हणाली. "मला नाही जमलं, ताई. तुझा घसा बसला ना, तेव्हा एका रात्री मनात आलं की आता माझी पाळी येईल. तेव्हापासून मला वाटतंय, मी पापी आहे."

ते ऐकून वहिनीच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं. तिने त्या मुलीचा वर राहिलेला हात धरून खाली घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"म्हणजे," मागून तापट नट म्हणाले, "मी त्या टॅक्सीवाल्यापायी वर्षभर उगाच झुरलो?"

"उगाच," बाई म्हणाल्या. "यात विद्या एवढीच आहे. सगळ्यांना तेच सांगायचं. कुणातरी एकाला पुरस्कार मिळणारच, तो व्यासपीठावरून नाव घेतो. बाकीचे बोलत नाहीत, कारण त्यांना वाटतं चूक आपलीच. ती चूक होईल याची सोय आधीच केलेली असते. माणसाला जे जमणार नाही, नेमकं तेच पथ्य. रागीट माणसाला राग वर्ज्य. राखीव नटीला मत्सर. घसा बसलेल्या बाईला..." त्या थांबल्या. "तिला तर विश्रांतीच नाकारली."

यंदाचा सर्वोत्कृष्ट अभिनेता उभा राहिला. त्याला अवघडल्यासारखं झालं होतं. "पण माझं खरं झालं ना?"

"झालं. कारण तुम्ही काम चांगलं केलंत आणि परीक्षकांनी ते पाहिलं. तुमचं श्रेय तुम्ही दुसऱ्याला देऊन टाकलंत, एवढंच."

तो खाली बसला. तोवर मेहुण्यांनी पाकिटांची पिशवी खांद्याला लावली होती. दारापाशी दादा उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एक बाजू घेतली: तो दारातून हलला नाही. लोकांनी आपापली पाकिटं परत घेतली. कुणी मारहाण केली नाही, कुणी आरडाओरडाही केला नाही. बुवा घंटा पिशवीत घालून जिना उतरून गेले.

वहिनीने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांचा सल्ला मानला. मौनाने गाठ बसली नाही, शस्त्रक्रिया करावी लागली. तिची भूमिका राखीव नटीने केली आणि बरी केली. वहिनी पहिल्या रांगेत बसून, तोंडातून शब्द न काढता, तिच्या चुका बोटांनी दाखवायची. त्या महिन्यांत घरात इतकी शांतता होती की दादा स्वतःशीच बोलायला लागला. आवाज परत आला तो पहिल्यापेक्षा थोडा जाड, पण बिनदुखणारा. पुढच्या हंगामाचा पुरस्कार दोघींनाही मिळाला नाही. तो दुसऱ्या संस्थेतल्या एका नटीला मिळाला, आणि तिने व्यासपीठावरून आपल्या दिग्दर्शकाचे आणि नवऱ्याचे आभार मानले. वहिनीने टाळ्या वाजवल्या, आणि घरी येताना पुढच्या नाटकाच्या तालमी कधी सुरू होतात, ते बाईंना सांगत आली.

बुवा आता दुसऱ्या गावी असतात आणि तिथे शालेय क्रीडास्पर्धांचे निकाल आधीच सांगतात, असं ऐकिवात आहे. प्रत्येक आईबापाच्या कानात.

तिथल्या लोकांना बाईंचं सांगणं एवढंच आहे. ज्याचं भाकीत खरं ठरलं, त्याला विचारून काही कळत नाही. ज्यांचं खोटं ठरलं त्यांना गाठा आणि विचारा. कुणी तुमच्या कानात तुमचं भाग्य सांगून वर तोंड बंद ठेवायला सांगितलं, तर शेजाऱ्याच्या कानात काय सांगितलं, ते आधी त्याला विचारून घ्या. आणि घसा दुखत असेल, तर डॉक्टरकडे जा.