हिरवी बादली

“सव्वा महिना सुनेले घरात बसवलं, अन् आता एवढ्या उन्हात उभी करून राह्यले,” चतुराबाई माझ्या कानाशी कुरकुरली. सासू ती स्वतःच, पण कुरकुरायला तिला माझाच कान लागतो. शेजारधर्म म्हणतात तो हाच असावा.

तिच्या सुनेची, वर्षाराणीची बाळंतपणानंतरची विहीरपूजा होती. हळदकुंकू वाहून पहिली बादली काढायची, त्यातलं थेंबभर पाणी बाळाच्या ओठाला लावायचं, ही चतुराबाईच्या नवऱ्याच्या, जानरावांच्या घरची रीत. बाळ चतुराबाईच्या हातात होतं. वर्षाराणीने बादली ओढली आणि दोर धरून तशीच थांबली.

पाणी हिरवं होतं. शेवाळाचं हिरवं नव्हे. नव्या बांगडीसारखं, चमकणारं.

बायका मागे सरल्या. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी जहराचं. तो रंग मी माझ्याच ओसरीवर पाहिला होता, माझ्याकडे उतरलेल्या हानाच्या बाटलीत.

हाना जर्मनीची, जमिनीखालचं पाणी कुठून कुठे जातं ते शोधणारी. तिच्या जोडीला मंगरुळपीरची फरहा, माणसं पाणी कसं वापरतात ते विचारत फिरणारी. खड्ड्यातलं पाणी कुठे झिरपतं ते पाहायला परवा दोघींनी जानरावांच्या संडासाच्या खड्ड्यात रंग ओतला. तो नाल्याकडे निघेल असा हानाचा होरा, म्हणून नाल्याकाठच्या घरांनाच सांगून आल्या. खडकाचं हानाला ठाऊक, पूजेचं फरहाला. एकमेकींना विचारायचं तेवढं राहिलं.

निरोप मिळताच दोघी धावत आल्या. बादली पाहून हानाचं तोंड पांढरं पडलं, म्हणजे होतं त्याहून. ती फरहाशी हळू काहीतरी बोलली.

“परवा तुमच्या संडासाच्या खड्ड्यात टाकलेला आमचा रंग आहे हा. रंगानं काही होत नाही, चाचा,” फरहा म्हणाली. “पण...”

“पण काय? उपसून टाकू,” जानराव घाईने म्हणाले. “तुमच्या रंगानं पाणी खराब केलं आमचं.” विहिरीच्या वरच्या अंगाला तो खड्डा त्यांनीच खणवला होता.

“रंगच तो,” चतुराबाईने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

“रंगच,” बायका म्हणाल्या. मीही म्हणाले. वर्षाराणीचं पहिलं बाळ मागच्या साली हगवणीनं गेलं, तेव्हा गावाने नजर लागली असं ठरवून टाकलं होतं. आता त्या खड्ड्याकडे कुणी बघेना.

सासऱ्यासमोर कधी मान वर न केलेल्या वर्षाराणीने बादली खाली ठेवली, बाळ सासूच्या हातातून काढून घेतलं आणि त्याचं तोंड पदराने झाकलं.

“मामाजी, रंग परवा टाकला. पाणी तं पयलेपासूनच तिथून येऊन राह्यलं. माह्या पोराले नजर नोती लागली. संडासाचं पाणी पाजलं आपण त्याले.”