'थांब' ऐकणारी पिन

मित्रांनो, मी एक जुना सीरियल पोर्ट आहे. आता 'हा कोण?' म्हणून तोंड वाकडं करू नका. जुन्या कॉम्प्युटरच्या मागे जा, जळमटं बाजूला करा. नऊ पिनांचं, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं जे दिसेल ना, ते मी. मागे असतो म्हणून मला कमी समजायचं काम नाही.

कारखान्यात मला डाख देऊन बोर्डावर पक्का बसवला, तेव्हा माझी काय चलती होती! माउस माझ्याकडे, मोडेम माझ्याकडे. मग ते चपटे यूएसबी आले आणि सगळे तिकडे पळाले. जाऊ देत. एकच जण उरला, पण लाखात एक. ब्रेलचा प्रिंटर. त्याला शाई लागत नाही. जाड कागदावर ठकठक ठिपके उठवतो आणि ते बोटांनी वाचता येतात.

वाचायच्या ताई. आम्ही एका छोट्या रेडिओ केंद्रात आहोत, बातम्यांच्या खोलीत. ताईंना दिसत नाही. सकाळच्या बातम्या त्याच देतात. बोटं कागदावर, तोंड माईकसमोर. आवाज असा की रिक्षावालेसुद्धा रेडिओ मोठा करतात.

माझं काम साधं. अक्षरं एकामागोमाग एक रांगेत सोडायची, धक्काबुक्की नाही. आणि माझी एक पिन आहे ना, ती बोलत नाही, फक्त ऐकते. प्रिंटर नवीन पान ओढायला लागला की तिच्यावरून निरोप येतो, 'थांब!' मी कॉम्प्युटरला सांगतो, तो थांबतो. पान बसलं की पुन्हा सुरू. वर्षानुवर्षं असंच चाललं. कौतुक कुणी केलं नाही, मी मागितलंही नाही.

मग नवा टेक्निशियन आला. सगळं फास्ट पाहिजे, म्हणून सगळे त्याला टर्बो म्हणायचे. तोही खूश.

"ताई, हा प्रिंटर दर पानाला अडतो हो."

"अडू दे की. मला कुठं गाडी पकडायचीय?"

"थांबा, सुसाट करून देतो."

गडी शिरला विंडोज एक्सपीच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये. माझ्या नावावर क्लिक केलं, सेटिंग्ज उघडली. तिथे फ्लो कंट्रोल असतं, म्हणजे समोरच्याचं 'थांब' ऐकायचं की नाही ते. याने ते बंदच केलं. मग ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन तिथल्या पट्ट्या उजवीकडे पार टोकाला सरकवल्या. "झालं!" म्हणाला आणि चहाला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई वाचत होत्या. पान संपलं, "महापौर उद्या..." बोटं पुढच्या पानावर गेली, "...दिवसभर बंद राहील."

मधली ओळच गायब! महापौर उद्घाटन करणार होते नव्या पुलाचं, आणि बंद राहणार होता जुना पूल.

केंद्राचे साहेब खोलीत आले तेच कपाळाला हात लावून. "ताई, महापौरांचा फोन होता. विचारतायत, मी बंद राहणार म्हणजे नक्की काय करणार?"

कुणीतरी खुदकन हसलं. साहेब हसले नाहीत. "उद्यापासून बातम्या दुसरं कुणीतरी वाचेल. तुम्ही श्रोत्यांचे फोन घ्या."

"कागदावर होतं तेवढंच वाचलं मी."

"ऐकणाऱ्याला काय त्याचं?"

"मग उद्याची सकाळ द्या मला. एक शब्द चुकला तर मुकाट्याने फोनवर बसेन."

"एकच सकाळ," साहेब म्हणाले.

आणि टर्बोने निदान काय केलं? "पोर्ट गेलाय. भंगारात टाका." मित्रांनो, माझ्या अंगाची लाही लाही झाली! माझा कान यानेच बंद केला आणि वर मलाच बहिरा म्हणतो!

ताई पानं घरी घेऊन गेल्या. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर.

"टर्बो, मधलं एक अक्षर गेलेलं नाही. जातंय ते प्रत्येक पानाच्या वरचं. मी आधी शाळेत शिकवायचे, पोरांना शुद्धलेखन घालायचे ना, तेव्हा पानांची सळसळ ऐकली की थांबायचे. नाही थांबलं तर नव्या पानावरचं पहिलं वाक्य पोरांचं हुकलंच. हा कॉम्प्युटर थांबतोय का?"

टर्बोने सेटिंग्ज उघडून बघितली. मग हळूच म्हणाला, "ताई, थांबणं मीच बंद केलंय."

"मग चालू कर. माझ्याकडे काय बघतोस?"

केलं चालू. माझा कान उघडला. पानं छापली. ताईंची बोटं फिरली. "ओळ आली. पण पहिला शब्द अजून खातोय."

टर्बोने डोकं खाजवलं, ॲडव्हान्स्ड उघडलं आणि जीभ चावली. "एका दमात किती अक्षरं पुढे ढकलायची, ते इथं ठरतं. मी फुल ठेवलंय. 'थांब' ऐकू येईपर्यंत मूठभर निसटतात." पट्टी डावीकडे आणली. आता कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा. आमचा कॉम्प्युटर चालू होतो तो आळोखेपिळोखे देत.

साहेब दारात. "बातम्यांना दुसऱ्या कुणा बाईंना बोलवू?"

"बोलवा. चहा पाजू त्यांना," ताई म्हणाल्या.

ठकठक सुरू झाली. पान संपलं. प्रिंटर म्हणाला, थांब. मी ऐकलं. सगळे थांबले. पान बसलं, पुन्हा ठकठक. शेवटचं पान गरम गरमच ताईंनी ओढून नेलं.

बातम्यांत एक शब्द अडखळला नाही. शेवटी ताई म्हणाल्या, "कालच्या बातमीत एक दुरुस्ती. आज बंद आहे तो जुना पूल. महापौर नव्हेत." काचेपलीकडे साहेबांनी तोंडावर रुमाल धरला.

"उद्याही तुम्हीच वाचा," ते बाहेर येऊन म्हणाले.

"मग काय, दुसरं कोण वाचणार?" ताई म्हणाल्या.

मित्रांनो, 'थांब' म्हणणाऱ्याला आळशी म्हणू नका, आणि ते ऐकणाऱ्याला म्हातारा. माझी एवढीच मागणी आहे. धूळ पुसा, सेटिंगला हात लावायच्या आधी आधीचं काय होतं ते बघा. आणि कधी मला काढायची वेळ आलीच, तर वायर ओढू नका, पिना वाकतात. नीट बसून दोन्ही स्क्रू सोडवा. ते मी घट्ट धरलेत, हे आधीच सांगून ठेवतो.