अंदाजे पस्तीस

शवागाराच्या कचेरीतला संगणक सकाळपासून एकच रड घेऊन बसला होता: टाइप कास्ट एरर. टेबलातली नोंद उचलून प्रोग्रामच्या साच्यात बसवणाऱ्या फ्रेमवर्कला वयाच्या रकान्यात आकडा हवा होता आणि तिथे निघाला मजकूर. त्यामुळे बेवारस मृतांची यादीच उघडेना. प्रोग्रामर बाईंनी रकाना पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"'पस्तिशीचा असावा.' 'केस पिकलेले, पण म्हातारा नव्हे.' अहो काका, ही वयं आहेत की स्थळाची माहिती?"

कारकून काका जागचे हलले नाहीत. "मेलेला माणूस मला वय सांगतो का? अंदाज तो अंदाजच लिहिणार. खोटा आकडा माझ्या हातून लिहून व्हायचा नाही."

बाई आणखी तडकणार होत्या, तेवढ्यात प्रोग्राममध्ये त्यांना स्वतःचीच जुनी ओळ दिसली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. सहा महिन्यांपूर्वी हाच एरर आला होता. त्यांना घरी जायची घाई होती, म्हणून वेळ मारून नेली होती: आकडा जमला नाही तर शून्य धर. फ्रेमवर्कच्या नव्या आवृत्तीनं ती ओळ मानली नाही, एवढंच.

"काका, नातेवाईक आले की शोध कशावरून घेता?"

"वयावरून. पाच वर्षं मागेपुढे धरून."

म्हणजे एकतीस माणसं शून्य वर्षांची होऊन पडली होती. कुणी कितीही शोधलं तरी सापडली नसती.

त्यांनी वयाचे दोन रकाने केले, 'पासून' आणि 'पर्यंत', आणि एकेक नोंद वाचून भरायला घेतली. एकोणिसावी होती: 'पस्तिशीचा असावा. डाव्या कानामागे चामखीळ.'

काकांनी चष्मा काढला. "एक मावशी दर सोमवारी येतात. मुलगा हरवलाय, चौतीस वर्षांचा. हीच खूण सांगतात, पण मी यंत्रावरच विसंबलो. यंत्र नाही म्हणालं की म्हणतात, चला, म्हणजे जिवंत आहे माझा. हसत परत जातात हो."

बाईंनी तारखा पाहिल्या. मुदत संपल्यावर पालिकेनं प्रेताची व्यवस्था लावून टाकली होती. पण त्याआधीचे सात सोमवार तो इथेच, भिंतीपलीकडच्या कप्प्यात होता, आणि आई खिडकीशी उभी होती.

"आज सोमवार," काका म्हणाले. मग हळूच, "ते शून्य परत टाकता येईल का? आजच्या दिवस तरी?"

येत होतं. एका ओळीचं काम. बाईंचा हात कीबोर्डवर गेलासुद्धा, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

"नाही काका. मागच्या वेळीही मी सोपं तेच केलं होतं."

खिडकीत मावशी आल्या. हातात पिशवी, चेहरा नेहमीसारखा हसरा. "चौतीस," त्या म्हणाल्या. "पटकन बघा, मला बस गाठायचीय."

बाईंनी उठून बाजूचं दार उघडलं. "मावशी, आत येऊन बसता का?"

"आत कशाला? मला कधी कुणी आत बोलावलं नाही."

मावशींनी एकदा उघड्या दाराकडे पाहिलं, एकदा काकांच्या तोंडाकडे. मग दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरले.

"मी इथेच बरी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त नाही म्हणा."