कापडाची कात्री

"बघू" म्हणणाऱ्या बायका मला फार आवडतात. "नको" म्हणणारीचं काही करता येत नाही, आणि पहिल्याच दिवशी "हो, हो" करणारी तीन महिन्यांत दमून घरी बसते. "बघू"वाली म्हणजे एक पाय आत, एक पाय उंबऱ्यात. नवख्या लीडर्स तिला आत ओढत बसतात. ओढायचं नसतं. तिच्या मागचं दार तेवढं लावून घ्यायचं.

अकरा वर्षं मी कंपनीचे डबे विकते. दुकानात नाही, घरात. एखादीने आपल्या ओळखीच्या आठ-दहा जणींना घरी बोलवायचं, मी जाऊन डबे दाखवायचे, बायकांनी भिडेखातर घ्यायचे. डब्यात पाणी भरून, झाकण लावून मी तो सगळ्यात नाक मुरडणाऱ्या पाहुणीच्या मांडीवर उलटा धरते. ती किंचाळते, बाकीच्या हसतात, पाण्याचा थेंबही पडत नाही. मग त्यातलीच एखादी मी सभासद म्हणून माझ्या हाताखाली घेते आणि ती आपली माणसं बोलावते. अशा आठ जणी पूर्ण झाल्या की लीडरची विभागप्रमुख होते. माझ्या सात होत्या. आठवीपाशी घोडं दीड वर्ष अडलं होतं.

आठवी म्हणून मी जिला हेरलं ती शिवणकाम करायची. मी तिच्याकडे बॅगेची चेन बदलायला गेले होते. एक खोली, खिडकीपाशी मशीन, गिऱ्हाइकाला एक खुर्ची, दोरीवर लांबी कमी करायला आलेल्या पँटी. नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी येणारा. दिवसभर बोलायला कुणी नाही. मी म्हटलं, हीच.

ती माझ्या सभासदांच्या मंगळवारच्या मीटिंगला यायला लागली. दाराजवळच्या खुर्चीत बसायची, कॉफी प्यायची, दोन बिस्किटं खायची, नमुन्याचा डबा उलटासुलटा करून बघायची. सभासद कधी होणार विचारलं की, "बघू ना मॅडम, हातातलं काम संपू दे." बाकी सगळ्या मला ताई म्हणतात. मी तसं म्हणायला लावतेच, ताईला नकार देताना जीभ अडखळते. ही मात्र मॅडमवरच अडून बसली. एकदा मी विचारलंच, "अगं, ताई म्हण की. मी काय परकी आहे?"

"ताई आहे मला एक," ती म्हणाली आणि दोऱ्याची गुंडाळी शोधायला लागली.

मी तिला म्हटलं, सभासद नको होऊस, नुसती घरी एक डब्यांची पार्टी कर. त्याने काय बिघडतंय? ती कबूल झाली. मग मी तिच्यासमोर पाहुण्यांच्या यादीचा कागद ठेवला. वीस रेघा असतात त्यावर. हा कागद म्हणजे माझ्या धंद्यातली सगळ्यात मजेची गोष्ट. बायकांना वाटतं आपल्याला शंभर माणसं आहेत. लिहायला बसल्या की कळतं. माझी स्वतःची वीस पहिल्याच वर्षी संपली. चुलत बहिणी, कॉलेजच्या मैत्रिणी, शेजारीण, सगळ्यांकडे डबे आहेत आणि माझा फोन कुणी उचलत नाही. असो. अकरा वर्षांत मला त्याचं काही वाटेनासं झालंय, निदान दिवसा तरी.

शिवणकामवालीने पाच नावं लिहिली. चार गिऱ्हाइकं आणि घरमालकीण. सहाव्या रेघेवर पेन टेकवून बसून राहिली.

"कोण?" मी विचारलं.

"कुणी नाही. ताई. पण आम्ही सहा वर्षं बोलत नाही."

अशा वेळी गप्प बसायचं असतं. मी गप्प बसले आणि तिने सगळं सांगितलं. आई शिवणकाम करायची, दोघी मुली तिच्याकडेच शिकल्या. आईची एक मोठी कात्री होती, लोखंडी, वजनदार. ती फक्त कापडाला लावायची. कागदाला लावली की धार जाते. थोरलीने लहानपणी एकदा त्या कात्रीने वहीचं पान कापलं, तर आईने तिला दिवसभर मशीनपाशी उभं केलं. आई गेली, आणि धाकटी पाहुण्यांना चहा देत असताना थोरलीने मशीन आणि कात्री दोन्ही आपल्या घरी नेली. धाकटी सगळ्यांदेखत तिला चोर म्हणाली. त्यानंतर बोलणं नाही. थोरलीचं आता शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे, असं कानावर आलेलं.

"मशीनचं काही नाही हो," ती म्हणाली. "पण कात्री द्यायला हवी होती मला."

"मग लिही नाव," मी म्हटलं. "भांडणं अशीच मिटतात. काहीतरी निमित्त लागतं."

खोटं नव्हतं ते. पण मला सहावी पाहुणी हवी होती, हेही खरं.

फोनवर काय बोलायचं त्याचं माझं एक कार्ड आहे, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. मीच लिहिलंय. त्यात डब्यांचा शब्दही नाही. डबे म्हटलं की कुणी येत नाही. मी शेजारी बसून ओळीवर बोट ठेवलं आणि तिने फोन लावला. पलीकडून एक जाडसर आवाज आला, "छोटे?"

शिवणकामवालीचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी कार्डावर बोट आपटलं.

"घरी ये ना," तिने वाचलं. "शनिवारी. चार वाजता."

"काय झालं? बरी आहेस ना? काही काम आहे का?"

माझं बोट पुढच्या ओळीवर. "काम काही नाही. सहज. भेटावंसं वाटलं." आणि मग, कार्डावर नसलेलं, ती हळूच म्हणाली, "ये ना गं."

थोरली येते म्हणाली. ते "ये ना गं" मला इतकं पसंत पडलं की दुसऱ्या दिवशी मी ते कार्डावर घेतलं.

शनिवारी मी मांडामांड करायला अडीचलाच पोचले. घरमालकिणीच्या खुर्च्या आणून अर्धगोल केला. मालाचा खोका मध्ये ठेवला. तीन वाजता, बरोबर एक तास आधी, दार वाजलं. छोटी न्हाणीघरात कपडे बदलत होती. मीच उघडलं. दारात एक भरदार बाई, केस नुकतेच धुतलेले, छातीशी कापडी पिशवी घट्ट धरलेली.

"लवकर आलात," मी म्हटलं.

"हो. म्हटलं, निवांत बोलता येईल." तिने खुर्च्या मोजल्या. डोळ्यांनीच, पण मला दिसलं. "अजून कुणी यायचंय?"

तेवढ्यात छोटी बाहेर आली आणि पुढचा तास माझ्या हातात राहिला नाही. दोघी आधी रडल्या. मग थोरलीने खोका बघितला, त्यावरचं कंपनीचं नाव वाचलं आणि मी सारवासारव करायला पुढे झाले, पण ती हसलीच. "अगं, डबे विकतेस? मग सांगायचंस ना! मी काय घेतले नसते?" अशी माणसं मला आवडत नाहीत. त्यांचं काही करता येत नाही. मग तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली कात्री काढून मशीनवर ठेवली. "तुझीच होती. सहा वर्षं नुसती तेल लावून ठेवलीय. घेऊन यायला तोंड नव्हतं." आणि लगेच, भाजीची पिशवी हातात द्यावी तितक्या सहज, "मला एकटीला दुकान होत नाही आता. आईचं मशीन तिथे रिकामं आहे. सोमवारपासून ये. भागीत करू."

छोटी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी माझ्याकडे आली. डोळे सुजलेले, पण असा चेहरा मी तिचा कधी बघितला नव्हता. "मॅडम, आजची पार्टी करते. पण पुढचं काही जमणार नाही." बघू नाही. जमणार नाही. माझी आठवी माझ्या डोळ्यांदेखत गणवेशाच्या दुकानात चालली होती.

राग आला मला. खोटं कशाला बोलू? हिच्या मंगळवारच्या कॉफ्या मी केल्या, यादी मी लिहून घेतली, फोन मी करायला लावला. बहीण मिळवून दिली ती मी, आणि ही मला हातावर तुरी देऊन जाणार!

"हरकत नाही," मी म्हटलं. "आजचं नीट होऊ दे. नियम आठवतोय ना? डेमो चालू असताना यजमानीण मध्ये बोलत नाही. काही झालं तरी नुसतं हसायचं. नाहीतर माझी लय तुटते."

चार वाजता बायका जमल्या. घरमालकिणीच्या मांडीवर डबा उलटा करून झाला, ती किंचाळून झाली. थोरली सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली. बहिणीच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली होती. मी म्हटलं, आता नवीन संच उघडू या. खोक्याला जाड प्लॅस्टिकची पट्टी होती, वर चिकटपट्टीचे तीन फेरे. माझ्या पर्समध्ये कटर होता. असतोच. कंपनीने पहिल्या वर्षी दिलेलं बक्षीस, त्यावर माझं नाव आणि साल कोरलेलं आहे.

मी मशीनवरची कात्री उचलली.

फडकं सोडलं तेव्हा तेलाचा वास आला. पात्यांत बोट कापेल अशी धार होती. मी ती पट्टीखाली सारली आणि दाबली. पट्टी तुटेना, तेव्हा पिळली. करकर आवाज झाला. मग चिकटपट्टी कापली, मग खोक्याचा पुठ्ठा, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बोलत बोलत. "झाकणाचा कोपरा असा दाबायचा, आतली हवा बाहेर सोडायची, की महिनाभर काही बिघडत नाही."

थोरली माझ्याकडे बघतच नव्हती. ती छोटीकडे बघत होती. वाट बघत होती. एक शब्द पुरला असता. छोटीचं तोंड अर्धवट उघडलंही. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी भुवया किंचित उचलल्या.

छोटी हसली.

बस्स. तेवढंच. यजमानिणीचं हसू, मी शिकवलेलं. पाहुण्यांना कळण्यासारखं काही नव्हतं. थोरलीने आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली. शेवटपर्यंत बसली. सगळ्यात लहान डबा घेतला, सगळ्यांसारखे पैसे दिले, पावती मागितली, घडी करून ठेवली. दारात छोटीने तिचा दंड धरला. "ताई, सोमवारी येऊ ना?"

"सोमवारी दुकान बंद असतं," थोरली म्हणाली. चपला घालता घालता थांबली. "फोनवर विचारलं होतं मी तुला. काम आहे का म्हणून."

ती गेल्यावर छोटीने कात्री दिव्याखाली धरली. पात्यावर चिकटपट्टीचा गोंद आणि दोन खाचा. "अय्या, माझ्या लक्षातच आलं नाही गं," मी म्हटलं. तिने मान हलवली. तिला माझा राग आला नाही. स्वतःचा आला होता, आणि तो फार उपयोगी असतो. त्याच संध्याकाळी तिने सभासदाचा अर्ज भरला. पुढच्या मंगळवारी पहिल्या रांगेत बसली आणि मला ताई म्हणाली.

मी विभागप्रमुख झाले. आणि सांगते, छोटीसारखी सभासद मला दुसरी मिळाली नाही. तिला घरी जायची घाई नसायची. दोन वर्षांत तिने चौदा जणी आणल्या. फोन लावताना नव्या पोरींच्या शेजारी बसायची, कार्डावर बोट ठेवून. खोके त्याच कात्रीने उघडायची. कुणी म्हटलं, कापडाची दिसते, तर म्हणायची, "होती." माझ्यासाठी ती डबा आणायची, माझ्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करायची. अकरा वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. मला तिची सवय झाली. माया लागली म्हणा हवं तर.

गेल्या महिन्यात मीटिंगमध्ये तिला पेन हवं होतं. माझे हात डब्यांत अडकलेले. "पर्समधून घे," मी म्हटलं. ती बराच वेळ शोधत होती. वळून बघितलं तर तिच्या हातात कटर होता. तिने त्यावरचं नाव वाचलं, साल वाचलं. अंगठ्याने पातं पुढे सरकवलं, मागे घेतलं आणि कटर होता तिथे ठेवला.

"मिळालं पेन," ती म्हणाली. आणि हसली.

मग दोन मंगळवार ती आली नाही. तिच्या चौदाही आल्या नाहीत. मी फोन केले, कुणी उचलले नाहीत. घर खायला उठलं. आणि परवा तिचा फोन आला.

"ताई, घरी या ना. शनिवारी. चार वाजता."

माझा जीव भांड्यात पडला. "काय गं? बरी आहेस ना? काही काम आहे का?"

"काम काही नाही. सहज. भेटावंसं वाटलं." जरा थांबून, हळूच, "या ना हो."

शब्द न् शब्द माझा. थांबायचं कुठे तेसुद्धा मीच शिकवलेलं. मला माहीत होतं. तरी शनिवारी मी केस धुतले, इस्त्रीचे कपडे घातले, तिला आवडतो तो केक घेतला आणि तीन वाजताच तिच्या दारात उभी राहिले. म्हटलं, निवांत बोलता येईल.

दार तिने उघडलं. आत खुर्च्यांचा अर्धगोल होता. मध्ये एक खोका, वर दुसऱ्याच कंपनीचं नाव. मशीनवर कात्री, नव्या फडक्यात गुंडाळलेली.

"लवकर आलात, ताई," ती म्हणाली. केक माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला, मला मधल्या खुर्चीत बसवलं आणि हात पुढे केला. "खोका उघडायचाय. कटर असेल ना तुमच्याकडे?"

मी पर्स उघडली आणि काढून दिला.