बिनतारेचा पंखा

निपाणीत वायुनाथ महाराजांच्या मठात शंख वाजला की छताचा पितळी पंखा आपोआप फिरू लागे. आमच्या पेठेत तेव्हा वीज आली नव्हती. पंख्याला तारही नव्हती. पार कोगनोळीहून लोक गाड्या जुंपून येत आणि आजाऱ्याला त्याखाली झोपवत.

"शिंका, बाळांनो," महाराज म्हणत. "शिंकेसरशी रोग भाईर पडतो. पात्यावर साक्षात मारुतीचा बाप बसलाय."

आणि लोक खरोखर शिंकत.

माझी बायको राजाबाई तापात याच पंख्याखाली वारली. मी तेव्हा लोंढ्याला रेल्वेच्या कामावर होतो. तिची श्रद्धा कमी पडली, असं महाराज म्हणाले. पुढच्या वर्षी माझ्या लेकीला, जयाला, तसाच ताप आला. मी पोचेपर्यंत सासूबाईंनी, नागुबाईंनी, तिला मठात नेलं होतं.

"आत्ती, पोरीला दवाखान्यात न्यायची हाय."

"गप रं. लेक माझी गेली, नातीचं मला कळतंय. आज आवस, पंखा फिरत न्हाय. उद्या फिरंल."

"आवसंला का न्हाय?"

"भुतं सुटत्यात. वाऱ्यात शिरतील."

मठाला लागून आण्णाप्पांची तपकिरीची गिरणी होती. अमावस्येला आमच्याकडे बैल जुंपत नाहीत आणि गिरणीचं इंजिनही नारळ फोडून बंद ठेवतात. मी पंखा नीट पाहिला. त्यावर डनवेल कंपनीच्या नावाची पट्टी होती.

ही कंपनी मला ठाऊक होती. बेळगावच्या क्यांपात, एका क्लबात, मी दोरीचा पंखा ओढत असे. तिथे वीज येण्याआधी डनवेलचा माणूस आला आणि इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे पंखे लावून गेला. माझी दोरी सुटली. पुढे वीज आल्यावर त्याच कंपनीने तशाच पंख्यांत मोटार बसवली आणि जुने पंखे भंगारात गेले. लोक तार शोधत होते. या पंख्याला तार कधी लागतच नव्हती.

रात्रभर नागुबाईंनी जयाला मांडीवरून सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी शंख वाजताच मी मागच्या शिडीने माळ्यावर चढलो. गिरणीकडून भिंतीच्या भोकातून फिरता दांडा आला होता, त्याच भोकातून तपकिरीची धूळ येऊन खाली झरत होती. तोंडाला फडकं बांधलेला एक चेला पट्टा पंख्याच्या चाकावर ढकलत होता. मी पट्टा काढून घेतला आणि लाथेने छताच्या फळ्या पाडल्या.

"कोण पापी हाय वर?"

"नागुबाईचा जावई. वर या महाराज, मारुतीचा बाप तोंडाला फडकं बांधून बसलाय."

खालच्या गर्दीतला म्हातारा रवळू हसला आणि हसता हसता शिंकला.

"यंत्र निमित्त," महाराज म्हणाले. "शक्ती माझी."

"मग वाजवा शंख. पट्टा माझ्या हातात हाय."

त्यांनी शंख वाजवला. परत वाजवला. पंखा हलला नाही.

मी खाली आलो. नागुबाईंनी जयाला माझ्या खांद्यावर दिलं. "माझी राजा दवाखान्यात वाचली असती का रं?"

"ठाऊक न्हाय, आत्ती. औषध तरी मिळालं असतं."

जया वाचली. तिला शिंक नाही, हिवतापावरचं कोयनेल लागू पडलं.

म्हणून सांगतो. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी शिडी लावून वर बघा. आणि घरात कुणी तापाने फणफणलं असेल, तर आधी त्याला दवाखान्यात न्या. वर बघायला मागाहून वेळ मिळेल.