अठरावं डोकं

खोटं कशाला बोलायचं? कमरुद्दीन मुरलीधरवर जळायचा, आणि तेही आजकालचं नाही, गेली एकोणीस वर्षं. जळणाऱ्या माणसाची पंचाईत अशी की समोरचा निदान हलकट तरी असावा, म्हणजे जळायला सोपं जातं. मुरल्या तसला नव्हता. पेणहून बायकोने धाडलेले सुके बोंबील आधी कमरुद्दीनच्या ताटात टाकायचा आणि मग स्वतः घ्यायचा. अशा माणसाला शिव्या तरी कशा घालणार?

त्यात मुरल्याला इथे आखातात आणला कोणी? कमरुद्दीननेच. "साहेब, मूर्तीचे डोळे काढावेत तर त्यानेच," असं अल कुसैसच्या वर्कशॉपमध्ये अरबाबला, म्हणजे मालकाला, सांगून व्हिसा मिळवून दिला तो यानेच. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय!

वर्कशॉपमध्ये मॉल आणि प्रदर्शनांसाठी मोठमोठ्या आकृत्या बनायच्या. थर्माकोलचा ठोकळा कापायचा, कोरायचा, वर सिमेंटचा जाड लेप द्यायचा, तो घासून रंगवायचा. उंट, डायनासोर, इजिप्तचे राजे, मागाल ते. कमरुद्दीन रत्नागिरीकडचा, घराणं होड्या बांधणाऱ्यांचं, त्यामुळे गोलाई हातातच होती. कपाळ, नाक, ओठ, गाल, सगळं तो करायचा. फक्त डोळे करायचा नाही. त्याची आई मैमुनाबी सांगून गेली होती, "बाबा, पोटासाठी काय ते कर, पण डोळे काढू नको. कयामतीला त्यात जीव घाल म्हणाले तर कुठून आणशील?" ते त्याने पाळलं. महिनाभर तो राबायचा, शेवटच्या दिवशी मुरल्या यायचा, दोन तासांत डोळे आखायचा, आणि बघायला आलेली माणसं म्हणायची, "वा, काय डोळे आहेत!" गालांकडे कोण बघतंय? एकोणीस वर्षांत एका माणसाने कधी म्हटलं नाही की वा, काय गाल आहे.

तर त्या वर्षी अबुधाबीतून एक काम आलं. मुलांसाठी जुन्या संस्कृतींचं मोठं प्रदर्शन उभं राहत होतं. त्याच्या क्युरेटर होत्या साधना मॅडम, मूळच्या पुण्याच्या, राहायला अल रीम आयलंडला. त्यांनी टेबलावर फोटो पसरले. मेक्सिकोतली ओल्मेक लोकांची दगडी डोकी. नुसती डोकी, खाली धड नाही. माणसाहून उंच, चपटं नाक, जाड ओठ, डोक्यावर घट्ट टोप.

"तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत," मॅडम म्हणाल्या. "चाकाची गाडी नाही, ओढायला बैल नाही, आणि एवढाले दगड डोंगरातून कित्येक मैल आणले. कसे आणले, कोणालाच नक्की माहीत नाही. चेहरे बहुतेक राजांचे, पण नाव एकाचंही माहीत नाही. काही तर मुद्दाम पुरल्यासारखी सापडली. अशी सतरा सापडलीत, कमरुद्दीनभाई. मला कॉपी नको. आपण अठरावं करायचं."

बरोबर त्यांनी एक जाडजूड इंग्लिश फाइल दिली. ती कोणी वाचली नाही. कमरुद्दीनने फोटो तेवढे पाहिले. दगडावर बारीकबारीक खळगे दिसत होते. जांभ्याच्या चिऱ्यांत वाढलेला माणूस तो! दगड म्हटला की त्याला भोकं असायचीच, पावसापाण्याने झिजला असेल, असं त्याने ठरवलं आणि अठरावं डोकं चांगलं घासून गुळगुळीत केलं. मुरल्याही पेणचा, तिथे गणपतीच्या गालावर ओरखडा चालत नाही. त्यालाही काही खटकलं नाही.

पाच आठवडे कमरुद्दीन त्या डोक्यावर चढून बसला होता. कारणही तसंच होतं. प्रदर्शनाच्या कामाला अबुधाबीत एक हेड कारागीर कायमचा हवा होता. पगाराचं सोडा, मोहम्मद बिन झायद सिटीत फॅमिली फ्लॅट मिळणार होता. वीस वर्षं कमरुद्दीन सहा जणांच्या खोलीत राहिला, आणि त्याची बायको हमीदा तिकडे गावी. तिने या देशासाठी दोनदा पासपोर्ट काढला होता. पहिला एकही शिक्का न पडता संपला. दुसऱ्याचं एक वर्ष उरलं होतं.

"या खेपेला नक्की," त्याने तिला फोनवर सांगून टाकलं होतं.

"इन्शाल्ला म्हणा," ती म्हणाली. "आणि मी पिशव्या भरायला घेऊ का, ते सांगा."

गुरुवारी मुरल्याने लेपात डोळे कोरले. दोन तास. त्याच संध्याकाळी साधना मॅडम आल्या, डोक्यासमोर उभ्या राहिल्या आणि हात छातीवर ठेवून म्हणाल्या, "ओ माय गॉड, हे डोळे! कोणी केले?"

फोरमन म्हणाला, "मुरली."

"मुरलीधर, तुम्ही अबुधाबीला याल का? सोमवारी मी फायनल सांगते, पण विचार करून ठेवा."

मुरल्या हसला. नुसता हसला! बाकी सगळं कमरूभाईचं आहे, एवढं बोलायला काय त्याची जीभ झडली होती? कमरुद्दीनला त्या रात्री जेवण गेलं नाही. मुरल्याने बोंबील पुढे केले तेव्हा त्याने ताटच मागे ओढलं. "पोट बिघडलंय," म्हणाला. तसं ते खरंच होतं.

शुक्रवारी दुपारपासून सोमवारपर्यंत वर्कशॉप बंद. कमरुद्दीन जुम्म्याची नमाज पढला, सगळ्यांना सलाम करून बाहेर पडला आणि खोलीवर जायच्या ऐवजी त्याचे पाय वर्कशॉपकडे वळले. सगळ्यात जुना म्हणून चावी त्याच्याकडेच असायची. आत उकाडा होता. डोकं मधोमध उभं होतं, रंग अजून लागायचा होता, लेप पुरता कडक झालेला नव्हता. त्याने गोल तोंडाचा हातोडा उचलला.

काय करणार होता? ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की ते डोळे त्याला बघवत नव्हते. तो शिडीवर चढला, उजव्या डोळ्यावर नेम धरला. आणि डोळा त्याच्याकडे बघत राहिला, मुरल्यासारखाच, काही न बोलता. कमरुद्दीनचा हात खाली येईना. शेवटी त्याने दात खाऊन घाव घातला तो कपाळावर. मग टोपावर. मग गालावर. "घे! घे! काय डोळे म्हणे!" एकेका घावाला एकेक वर्ष आठवत होतं. दम लागला तेव्हा थांबला. ठिकठिकाणी वाटीएवढे खळगे पडले होते.

खाली उतरून त्याने डोकं नीट पाहिलं. डोळे जसेच्या तसे होते, साधी कपचीही उडाली नव्हती. फोडलं होतं ते सगळं त्याचं स्वतःचं. पाच आठवड्यांचे गाल, कपाळ, टोप. जळून जळून माणूस शेवटी आपलंच घर पेटवतो, ते असं.

सोमवारी सकाळी फोरमनने डोकं बघितलं आणि बोंब ठोकली. तेवढ्यात साधना मॅडमची गाडी लागली. त्या आत आल्या, थबकल्या आणि डोक्याभोवती फिरू लागल्या.

"कोणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

"चाबी किसके पास था?" फोरमन ओरडला. सगळ्यांच्या माना कमरुद्दीनकडे वळल्या. नोकरी गेली, व्हिसा गेला, हमीदाचा दुसरा पासपोर्टही गेला. त्याने खिशातली चावी मुठीत घट्ट धरली.

"मैंने किया," मुरल्या म्हणाला. "चाबी मैंने मांगा था. कमरूभाई को कुछ मालूम नहीं."

फोरमन त्याच्या अंगावर धावला. मॅडमनी हात वर केला.

"एक मिनिट. तुम्ही फाइल वाचलीत, मुरलीधर? मी तीनदा लिहिलं होतं त्यात. मूळ डोक्यांवर असेच खड्डे आहेत, माणसाने हाताने पाडलेले. का पाडले, कोणी पाडले, अजून कोणाला सांगता आलेलं नाही. कोणी म्हणतं पूजेचा भाग, कोणी म्हणतं मेलेल्या राजाची ताकद काढून घ्यायला. गुरुवारी मला तेच खुपत होतं, डोकं फार गुळगुळीत होतं, साबणासारखं." त्यांनी गालावरच्या खळग्यात बोट फिरवलं. "डेकोरेटर असता तर ओळीत मारले असते. यात राग आहे. आणि डोळे बरोबर सोडलेत. खलास, माझं ठरलं. डोळे काढणारे मला दुसरेही मिळतील. अबुधाबीला मला हा हात हवा."

कमरुद्दीनने ते ऐकलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कोणी त्याच्या हाताचं नाव काढलं होतं, आणि तो हात आता मुरल्याच्या खांद्याला लागला होता!

मुरल्याने त्याच्याकडे पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाला, "मॅडम, एक खरं सांगायचं होतं. हे खड्डे मी नाही, हे आपले कमरू..."

"लाजतोय तो, मॅडम," कमरुद्दीन मध्येच बोलला. मोठ्याने बोलला. "त्याचेच आहेत. हात त्याचाच."

कमरुद्दीन एका क्षणात संत झाला, असं मात्र कोणी समजू नका. संत वगैरे काही नाही. मुरल्याच्या हातून मिळालेली नोकरी त्याला गिळवली नसती. फ्लॅट मिळाला असता, हमीदा आली असती, आणि रोज सकाळी चहाबरोबर आठवलं असतं की हे मुरल्याने दिलंय. ते नको होतं. हेवा माणसाला असा नडतो की दारात आलेलं ताटसुद्धा तो लाथाडतो.

दुपारी दोघे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जेवायला बसले.

"खोटं का बोललास?" मुरल्याने विचारलं.

"आधी तू का बोललास ते सांग."

"मला वाटलं, तुझी नोकरी चालली."

"आणि तुझी गेली असती म्हणजे?"

मुरल्याने खांदे उडवले. हा विचार त्याच्या डोक्यात तेव्हा आलाच नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"माझे घाव आहेत हे कळलं कसं तुला?"

"घ्या! एकोणीस वर्षं तुझ्या घावांच्या मध्ये डोळे बसवतोय, कमरूभाई. घाव ओळखायला मला काय वेळ लागणार?" मुरल्याने भात कालवला. "गुरुवारी मी बोलायला हवं होतं. मॅडमसारखी शिकलेली माणसं समोर आली की माझं तोंडच बंद होतं. चुकलं माझं."

कमरुद्दीनने मान हलवली. मनात मात्र एकच चाललं होतं. समजा उलटं असतं, मुरल्या पकडला गेला असता आणि आपण बाजूला उभे असतो, तर 'मी केलं' म्हणालो असतो का? त्याने स्वतःला तीन-तीनदा विचारून पाहिलं आणि तीनही वेळा उत्तर 'नाही' असंच आलं. डोळे त्याने शिकायचं ठरवलं असतं तर कदाचित जमलेही असते. हे दोन शब्द त्याला जन्मात जमले नसते. मुरल्याच्या डोळ्यांवर तो कधी जळला नसेल एवढा त्या दोन शब्दांवर जळला.

मुरल्या अबुधाबीला गेला. दोन महिन्यांनी प्रदर्शन उघडलं, तेव्हा त्याने कमरुद्दीनला फोटो पाठवला. डोकं छान उभं होतं, समोर शाळेची पोरं. बाजूला पाटी, त्यावर खड्ड्यांबद्दल इंग्लिश आणि अरबीत लिहिलेलं. मुरल्याने खाली मराठीत टाइप केलं होतं, 'पाटीवर लिहिलंय की हे खड्डे कोणी आणि का पाडले, ते आजवर कळलेलं नाही. मी मॅडमना अजून सांगू शकतो. तू हो म्हण फक्त.'

कमरुद्दीनने उत्तर दिलं नाही. तोच फोटो त्याने हमीदाला पाठवला आणि बोटिम ॲपवरून फोन लावला.

"मुरलीभाऊंचं काम ना हे?" ती म्हणाली. "मिळायलाच हवी होती त्यांना नोकरी. भला माणूस." तिच्या आवाजात कुठे कुरकुर नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागलं. "पण हे तोंडावर काय झालंय?"

"ते असंच असतं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या डोक्यांवरही आहे. का केलं, कोणाला माहीत नाही. मोठमोठे शिकलेले लोक शोधतायत."

"शोधायचं काय त्यात?" हमीदा म्हणाली. "रागाने मारलेत, दिसतंय की. कोणाला तरी कोणाचं बरं झालेलं बघवलं नाही. आणि मारणारा जवळचाच असणार हां. परक्याचं एवढं कोण मनाला लावून घेतं?"

कमरुद्दीन फोटो पुन्हा मोठा करून बघू लागला.

"हॅलो? आवाज येतोय ना?"

"येतोय," तो म्हणाला. "हमीदा, ते खड्डे मुरल्याने नाही मारले. मी मारले."

मग तिने विचारलं, "आणि त्यांनी आपल्या अंगावर घेतलं?"

"हो."

"मग नोकरी तुमची होती," ती हळूच म्हणाली, आणि तिकडे कपाटाचं दार उघडून पुन्हा लागल्याचा आवाज आला. तिचा पासपोर्ट त्याच कपाटात असतो, हे त्याला माहीत होतं.