मंठ्याच्या माजघरातलं गलबत

मी एक कादंबरी बोलतेय. जुन्या मराठी आरमाराच्या गोष्टींची लांबलचक माला आहे, तिच्यातली मी तिसरी. जन्म पुण्याच्या छापखान्यातला, पण नशिबानं आणून टाकलं निजामाच्या राज्यात, मंठ्याला. इथं समुद्र पाहिलेला माणूस शोधून सापडायचा नाही.

मला आणलं दुर्गाबाईंच्या भावानं, बहिणीसाठी तिच्या सासरी. माझ्या थोरल्या दोघी, म्हणजे पहिले दोन भाग, दुर्गाबाईंनी माहेरीच वाचून संपवल्या होत्या. पण सासरे रखमाजी करारी. स्वतःला अक्षर येत नव्हतं, तरी मत पक्कं, की कादंबरी वाचली की सून हाताबाहेर जाते. दुर्गाबाईंनी मग मला लाल कापडात गुंडाळलं, माजघरात पाटावर ठेवलं आणि दुपारी पोथी म्हणून वाचायला घेतलं. शेजारच्या साळूबाई, गोजरबाई जमू लागल्या. गोजरबाईंनी तर पहिल्या पानावरच्या गलबतालाच हळदकुंकू वाहिलं. मीही फुगून गेले, खोटं कशाला बोलू?

हळूहळू रखमाजी उंबऱ्याशी येऊन बसू लागले. तोफा सुरू झाल्या की हातातली सुपारी हातातच राही.

शेवटच्या पानावर शत्रूनं गलबत घेरलं, डोलकाठी मोडली, आणि मी संपले.

"आता फलश्रुती वाच," रखमाजी म्हणाले.

दुर्गाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "मामंजी, फलश्रुती न्हाई. ही कादंबरी हाय."

रखमाजींनी मला त्यांच्या हातून काढून घेतलं. सकाळी मला गाडीत टाकून त्यांनी जालन्याची वाट धरली. दुर्गाबाई दारात डोळे पुसत उभ्या होत्या. आता कुणा वाण्याकडे माझ्या पानांच्या पुड्या होणार, हे मी समजून चुकले.

गाडी थांबली ती पुस्तकांच्या दुकानापुढं.

"याच्या म्होरलं द्या," रखमाजी म्हणाले. "त्या गलबताचं काय झालं ते कळाया पायजे."

दुकानदार हसला. "तुम्ही कादंबऱ्या वाचता, पाटील?"

"मला कुठं येतंय? माझी सून वाचती." दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज होता. "अख्खी आळी ऐकून राह्यली. हायेत तेवढे भाग बांधा."

माझा ऊर भरून आला.

आता माझी शिवण उसवलीय, कोपरे झिजलेत. दुर्गाबाई भर ओसरीवर वाचतात आणि रखमाजी सगळ्यांच्या पुढं बसतात. आज आळीतल्या दोन नव्या सुना आल्यात. रखमाजी म्हणतायत, "दुर्गा, जल्दी तिसऱ्या भागापासून घे. न्हाईतर यांना म्होरलं कसं कळंल?"

तेव्हा मंडळी, मला निरोप द्या. मला वाचायला घेतायत.